क्रस्तिना किती वेळा उठली

सोमवारी सकाळी क्रस्तिनाने सफरचंद खाल्लं आणि देठ टाकायला टेबलाखाली हात नेला. देठ टोपलीत पडल्याचा आवाज आला नाही. तिने पायाने चाचपून पाहिलं. टोपली नव्हती. वाकून बघणं तिने गेल्या उन्हाळ्यापासून सोडलंच होतं, म्हणून खुर्ची मागे ढकलून, टेबलाची कड धरून ती सावकाश उभी राहिली आणि तेव्हा तिला टोपली दिसली. दारापाशी, भिंतीला टेकवून ठेवलेली.

"टोपली तिकडे कुणी नेली?"

खोलीत दुसरं माणूस एकच होतं, झ्लातोमिरा. ती नेहमीसारखी खिडकीजवळच्या लोखंडी कपाटावर लॅपटॉप ठेवून उभी होती. "नेदाबाईंनी ठेवली असेल, क्रस्तिनाताई," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली.

साफसफाई करणारी नेदा अकरा वर्षं या इमारतीत होती आणि तिने आजवर एक वस्तू जागची हलवली नव्हती. धूळसुद्धा नाही. क्रस्तिनाच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

सेवलिएवो गावातल्या त्या शिवणकारखान्यात तिला अठ्ठावीस वर्षं झाली होती. खाली शंभरएक शिलाई मशिनं, वरच्या मजल्यावर ही खोली. कापडाच्या लांबीवर पँटचे पाय, खिसे, कंबरपट्टे असे बसवायचे की चिंधी कमीत कमी निघावी, म्हणजे कापडाचा नकाशा आखायचा, हे तिचं काम. पहिली बारा वर्षं पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन ती एका लांबलचक टेबलाभोवती फिरत असे. मग संगणक आला, संगणकासोबत खुर्ची आली, आणि ती बसली ती बसलीच. आता ती त्रेपन्न वर्षांची होती. मान डावीकडे वळतच नव्हती आणि उजवीकडे जेमतेम खांद्यापर्यंत. मागे बघायचं तर चाकांची खुर्चीच अख्खी फिरवावी लागे. गेल्या आठवड्यात खालून एक मुलगी विचारायला आली, "ताई, निळ्या पँटचा नकाशा आज मिळेल का?" क्रस्तिनाने तिकडच्या रिवाजाप्रमाणे हो म्हणायला मान डावी-उजवीकडे हलवायला घेतली, ती हलेना, तिकडे नाही म्हणताना उडवतात तशी हनुवटी तेवढी वर उडाली, आणि मुलगी बिचारी नकार समजून निघून गेली. याबद्दल क्रस्तिना कुणाजवळ बोलली नव्हती. वर कामाला दोघीच, आणि दोघींपैकी एक तरुण. अशा वेळी आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवलेलं बरं, असं तिचं मत होतं.

मंगळवारी टेलिफोन गेला. म्हणजे गेला नाही. तिच्या उजव्या हाताशी असायचा तो खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. प्रत्येक वेळी घंटी वाजली की उठून जावं लागे. गुरुवारी छपाईचं यंत्र खोलीतून उचलून बाहेरच्या बोळाच्या टोकाला, जिन्यापाशी नेलं. ते नेताना इंजिनियर बोयाजिएव, म्हणजे या मजल्याचे साहेब, स्वतः हजर होते.

"साहेब, हे यंत्र कुणाच्या आड येत होतं?"

"वायरिंगचं काहीतरी आहे, ताई," बोयाजिएव म्हणाले आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. पन्नाशीचा हा माणूस खोटं बोलताना नेहमी बुटांकडे बघायचा, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं.

त्याच दिवशी जिन्यात नेदाने तिला गाठलं. "ऐकलंस का? नवा प्रोग्राम येतोय म्हणे. तुकडे आपले आपण बसवतो. वर मग दोघी कशाला लागतात?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. मी काही तुला सांगितलं नाही हं."

मग क्रस्तिनाला एकेक गोष्ट लख्ख दिसू लागली. टोपली दूर, फोन दूर, यंत्र दूर. म्हातारीला उठायला लावायचं, ती कशी कण्हत-कुथत उठते ते साहेबांना दाखवायचं, आणि मग म्हणायचं, बाईंना आता झेपत नाही. आणि ही पोरगी दिवसातला निम्मा वेळ त्या कपाटाशी उभी का असते? चांगली खुर्ची आहे तिला. कपाट होतं बरोबर क्रस्तिनाच्या पाठीमागे. तिथून क्रस्तिनाचा पडदा दिसतो, हात दिसतात, आणि क्रस्तिनाला मात्र तिच्याकडे बघायला मान वळवता येत नाही.

त्या संध्याकाळी क्रस्तिनाने घरी तळघरातलं खोकं उघडायला लावलं. तिचा नवरा ल्युबेन निवृत्त बसचालक होता. आता गावाबाहेर मधमाश्या पाळायचा. खोक्यात त्याच्या जुन्या बसचा एक छोटा गोल आरसा होता.

"आरसा कशाला हवाय?" ल्युबेनने विचारलं.

"ओठ रंगवायला."

"तीस वर्षांत कधी रंगवले नाहीस. कोण आहे तो भाग्यवान?"

"तू गप बस आणि आरसा दे."

ल्युबेनने आरसा पुसून दिला. देताना तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. पण त्या वेळी क्रस्तिनाचं लक्ष दुसरीकडे होतं.

शुक्रवारी आरसा संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्याला चिकटपट्टीने लागला, आणि पुढचे तीन दिवस क्रस्तिना एका डोळ्याने पँटचे पाय बघत होती आणि दुसऱ्याने झ्लातोमिराला. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिची खात्री पटली. क्रस्तिना फोन घ्यायला उठली की झ्लातोमिरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि एका घडी घातलेल्या कागदावर काहीतरी लिहायची. परत येऊन बसली की पुन्हा घड्याळ, पुन्हा कागद.

दुपारी झ्लातोमिरा जेवायला खाली गेली तेव्हा क्रस्तिनाने तो कागद काढला. लॅपटॉपखालीच होता. वर 'क्र.' असं अक्षर, खाली वार आणि वेळा. सोमवार, चार वेळा. मंगळवार, सहा. आणि गेल्या गुरुवारच्या ओळीत तिरप्या अक्षरात: 'दुपारी एका जागी दोन तास दहा मिनिटं. फार झालं.'

फार झालं! अठ्ठावीस वर्षं कारखान्यात काढलेल्या बाईच्या बसण्या-उठण्याचा हिशेब ही काल आलेली पोर ठेवते? कागद होता तसा ठेवून ती तडक बोयाजिएवांच्या खोलीत गेली.

"साहेब, माझ्यावर कुणी पाळत ठेवतंय का?"

"छे! कोण म्हणतं असं?" नजर बुटांवर.

"मी विचारतेय."

"ताई, तुम्ही उगाच... तुम्ही जरा पाणी जास्त पीत जा. पाणी चांगलं असतं."

पाणी! म्हणजे हेही सामील. क्रस्तिना दार न लावता परत आली.

बुधवारी सकाळी तिने पत्र लिहिलं. घरून लिहून आणलं, साध्या कागदावर, ठळक अक्षरांत, म्हणजे हस्ताक्षर कळू नये. मालकीण हाजियेवाबाईंच्या नावाने. झ्लातोमिरा जागेवर बसत नाही. यंत्रं आणि सामान इकडचं तिकडे करते. कामाच्या वेळात दुसऱ्यांच्या उठण्याबसण्याच्या नोंदी ठेवते. दिवसभर कपाटाशी उभी असते. का, ते तिलाच विचारावं. खाली सही नाही. 'एक जुनी कामगार' एवढंच. अशी पत्रं क्रस्तिनाला माहीत नव्हती असं नाही. तिच्या लहानपणी अशाच एका बिनसहीच्या पत्राने शेजारचे गुरुजी शाळेतून गेले होते, आणि पत्र कुणी लिहिलं यावरून अख्खी गल्ली वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. पत्र पेटीत टाकताना तिला ते आठवलं. हात क्षणभर थांबला, आणि मग तिने ते टाकलं. फाटकाजवळची ती तक्रारपेटी हाजियेवाबाई दर शुक्रवारी सकाळी स्वतः उघडायच्या.

आता दुसरं पाऊल. गुरुवारी क्रस्तिनाने ठरवलं, आज उठायचंच नाही. लिहू दे काय लिहायचं ते. आठ वाजता ती बसली. पाण्याची बाटली आणलीच नव्हती. साडेनऊला फोन वाजला.

"ताई, फोन."

"तू घे. तू उभीच आहेस."

दहा वाजता झ्लातोमिरा जवळ आली. "ताई, कोपऱ्यावरच्या यंत्रातून कॉफी आणायला येता? पाच मिनिटं."

"नको."

अकराला, "खोलीत कोंदट वाटतंय का? खिडकी उघडता?"

"तुझे हात कुणी बांधलेत का?"

साडेअकराला, "नेदाबाईंनी चीज भरलेली बानित्सा आणलीय. गरम आहे. सगळे खाली जमलेत."

"मला एक तुकडा वर आणून दे."

झ्लातोमिराने तुकडा आणून दिला. आरशात क्रस्तिनाला ती दिसत होती. पोरगी अस्वस्थ होती. एक पाय दुसऱ्यावर घासत होती, घड्याळ बघत होती, कागद काढून पुन्हा ठेवत होती. क्रस्तिनाला मनातून फार बरं वाटलं. एक वाजला, दोन वाजले. कमरेत आधी नुसती कळ होती, मग ती खाली पायात उतरली, मग पाय बधिर झाला आणि कळ गेली. गेली ते बरं झालं, असं तिला वाटलं. तीनला झ्लातोमिरा सरळच म्हणाली, "ताई, आता उठा हो जरा. माझ्यासाठी उठा."

"तुझ्यासाठी? का गं, आकडा कमी पडतोय?"

झ्लातोमिरा लालेलाल झाली आणि कपाटाकडे परत गेली.

साडेचारची घंटा झाली. क्रस्तिनाने टेबलाची कड धरली, जोर लावला, आणि अर्ध्यात थांबली. कमरेत काहीतरी खटकन अडकलं. वर होता येईना, खाली बसता येईना. तोंडातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"हलू नका," झ्लातोमिरा धावत आली. "माझ्या खांद्यावर हात टाका. टाका ना! श्वास रोखू नका."

"तू लांब हो."

"नंतर होते लांब. आता जमिनीवर यायचंय आपल्याला. हळू. गुडघा आधी."

कसंबसं तिने क्रस्तिनाला गालिच्यावर उताणं झोपवलं, खुर्चीची चाकं टेबलाला अडकवून पक्की केली आणि तिच्या पोटऱ्या उचलून खुर्चीच्या बैठकीवर ठेवल्या. मानेखाली आपला स्वेटर घडी करून सरकवला. "आता पोटाने श्वास घ्या. कंबर जमिनीला लागू दे. जबरदस्ती करू नका, आपोआप लागेल."

दहा मिनिटांत कळ जराशी उतरली. इतक्या सराईतपणे हे करायला ही कुठे शिकली, हा विचार क्रस्तिनाच्या मनात दुखण्यातही आलाच.

"मला खरं सांग," ती छताकडे बघत म्हणाली. "टोपली तू हलवलीस."

"हो."

"फोन?"

"मीच."

"यंत्र?"

"साहेबांना मी सांगितलं. त्यांनी हलवलं."

"मला घालवायचंय?"

झ्लातोमिरा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "मला शपथ घातली होती सांगू नको म्हणून. आता गेली शपथ खड्ड्यात. ल्युबेनकाकांनी सांगितलं मला."

"कुठला ल्युबेन?"

"तुमचा. मी बाजारात त्यांच्याकडून मध घेते. सप्टेंबरमध्ये म्हणाले, तू वर क्रस्तिनाबरोबर असतेस ना? ती दिवसभर बसून असते. तिला काही सांगितलं तर ती उलटंच धरते. न सांगता तिला दर तासाला उठवता येईल का बघ. ते साहेबांनाही भेटले. कागद त्यांच्यासाठी होता. दर शनिवारी द्यायचा, म्हणजे त्यांना कळेल की काही फरक पडतोय का."

क्रस्तिना म्हणाली, "आणि तू ऐकलंस? तुझं काय जात होतं?"

झ्लातोमिराने दाराकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि सदरा कमरेपाशी वर केला. मणक्यावर बोटभर लांबीची पांढरी रेघ होती. "सव्विसाव्या वर्षी मणक्याची चकती सरकली. आधी एका ठिकाणी फोनवर बसायचं काम होतं, दहा दहा तास. तीन महिने आईने मोजे घालून दिले मला. आता मी एका वेळी अर्ध्या तासावर बसत नाही, म्हणून त्या कपाटाशी उभी असते. इथल्या अर्जात शस्त्रक्रिया झाली होती का असं विचारलं होतं, मी नाही लिहिलं. कुणी घेतलं नसतं हो. हे साहेबांनाही माहीत नाही. तुम्हाला सांगितलं, तेवढं पोटात ठेवा."

फाटकाजवळची पेटी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. दिवसभर कपाटाशी उभी असते. का, ते तिलाच विचारावं.

ल्युबेन गाडी घेऊन आला. त्याने आणि झ्लातोमिराने मिळून तिला मागच्या बाकावर आडवं केलं.

"माझ्या पाठीमागे परक्या पोरीशी कारस्थान करतोस?" क्रस्तिनाने सुरुवात केली.

"तुझ्या पुढ्यात करता येत होतं का? फेब्रुवारीत म्हटलं, डॉक्टरकडे चल. तू म्हणालीस, डॉक्टरचं आणि तुझं काय साटंलोटं आहे. म्हटलं, संध्याकाळी नदीकाठाने चालायला जाऊ. म्हणालीस, तिथे कोण भेटतं तुला?"

"मग? कोण भेटतं?"

"बघ! हे असं." त्याने गाडीचा वेग कमी केला. "ऑगस्टमध्ये शेजारपाजारी सगळे बाल्कनीत मिरच्या भाजत होते. आपण मिरच्यांची ल्युतेनित्सा चटणी दुकानातून बरण्या आणून खाल्ली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तू म्हणालीस, यंदा मिरच्या चांगल्या नाहीत. चांगल्याच होत्या गं. तुला पातेल्यावर वाकता येत नव्हतं. मला दिसत नाही का? सकाळी पलंगावरून उठताना भिंत धरतेस. मी झोपेचं सोंग घेऊन पडतो, कारण मी बघितलं तर तुला राग येतो."

क्रस्तिना रडली नाही. रडायला जो हुंदका लागतो तो कमरेला झेपला नसता. घर आल्यावर, गाडी थांबल्यावर, तिने पत्राचं सांगितलं. ल्युबेनने किल्ली काढून हातात घेतली.

"सही केली होतीस?"

"नाही."

"त्याहून वाईट," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी ते आठला पोचले. पेटी उघडून झाली होती. मालकीणबाईंची कचेरी अंगणापलीकडच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती, आणि तिथली लिफ्ट दुरुस्तीला काढलेली.

"मी वर जाऊन सांगतो," ल्युबेन म्हणाला. "तुला चढवणार नाही."

"तू सांगितलंस तर त्या म्हणतील नवऱ्याला पुढे केलं. तू इथेच थांब."

ती कठड्याला धरून चढली. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. दुसऱ्या मजल्यावर थांबून तिने कपाळ थंड भिंतीला टेकवलं. मागे फिरावंसं वाटलं. पत्र बिनसहीचं आहे, कोण ओळखणार? ही बाई कदाचित वाचून फाडूनही टाकेल. पण मग वरून हाजियेवाबाईंचा आवाज ऐकू आला, "तिला नऊला बोलवा. आणि तिचा अर्ज काढून ठेवा." क्रस्तिना उरलेल्या पायऱ्या चढली.

हाजियेवाबाई साठीच्या, चष्मा केसांत खोचलेला. पत्र टेबलावर पसरलेलं होतं.

"हे मी लिहिलंय," क्रस्तिना दारातूनच म्हणाली.

"बसा."

"बसता येत नाही. उभ्यानेच सांगते. यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि तरी सगळं खोटं आहे. टोपली तिने हलवली, फोन हलवला, माझ्या वेळा लिहिल्या. माझ्या नवऱ्याने तिला ते करायला सांगितलं होतं, माझी पाठ धरलीय म्हणून, मी उठावं म्हणून. मला वाटलं मला घालवतेय."

हाजियेवाबाईंनी चष्मा खाली डोळ्यांवर ओढला. "तुमच्या नवऱ्याने? तुमच्या नवऱ्याचा आणि या मुलीचा काय संबंध?"

क्रस्तिनाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. काय उत्तर द्यायचं याला? मध, असं सांगायचं? जे सांगावं ते या खोलीत लबाडीच वाटणार होतं. अठ्ठावीस वर्षं ती स्वतः असेच प्रश्न विचारत आली होती, आणि समोरचा माणूस का गप्प होतो याचा तिने कधी विचार केला नव्हता.

"मध घेते ती त्याच्याकडून," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काही नाही. विश्वास बसत नसेल तर खाली आहे तो, विचारा."

"आणि दिवसभर उभी का असते? ते तर तुम्हीच विचारायला सांगितलंय."

ही खरी अडचण. टेबलाच्या कडेला झ्लातोमिराच्या अर्जाची फाइल होती, अजून न उघडलेली. क्रस्तिनाने त्या फाइलकडे पाहायचं टाळलं.

"मी इथे आले तेव्हा बारा वर्षं उभ्यानेच काम केलं, बाई. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तेव्हा माझं कंबरडंही शाबूत होतं. तिचे नकाशे बघा. महिन्याची चिंधी माझ्यापेक्षा कमी निघते तिची. उभी राहू दे की."

या बाई काहीतरी लपवतायत, हे हाजियेवाबाईंना कळलं असावं. त्या मूर्ख नव्हत्या. मग त्यांनी पत्राची घडी घातली.

"बिनसहीचं पत्र या कारखान्यात पुन्हा दिसलं तर लिहिणाऱ्याला मी शोधून काढीन. या वेळी शोधायला लागलं नाही. तुम्हाला लेखी समज मिळेल. आणि डॉक्टरला भेटल्याशिवाय कामावर यायचं नाही." फाइल त्यांनी उचलली आणि मागच्या फडताळात ठेवून दिली.

बाहेर बोळात झ्लातोमिरा उभी होती. नऊ वाजायला दहा मिनिटं होती, आणि दार उघडंच होतं.

"काय लिहिलं होतं पत्रात?" तिने विचारलं.

क्रस्तिनाने सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा. झ्लातोमिराने ऐकून घेतलं आणि ती जिना उतरून गेली. क्रस्तिनाला तिच्या मागून पटकन उतरता येईना.

दवाखान्यातला व्यायामतज्ज्ञ द्रागान म्हणून एक जाडजूड, कमी बोलणारा माणूस होता. त्याने क्रस्तिनाला खुर्चीवर बसवलं, हनुवटी दोन बोटांनी मागे ढकलली आणि म्हणाला, "दुहेरी हनुवटी आणायची, असं समजा. दहादा. दर तासाला."

"याने काय होणार?"

"काही नाही झालं तर मला येऊन शिव्या द्या. तुम्हाला कामात कोण उठवतं?"

"उठवत होती एक जण. मी बंद केलं."

"मग स्वतः उठा. दर अर्ध्या तासाला, दोन मिनिटं. खांदे फिरवा, टाचा उचला. आणि पाण्यात जा. इतकं ताठलेलं अंग नुसत्या जमिनीवरच्या व्यायामाने सुटायला वेळ लागेल."

औषध न देणारा डॉक्टर तिने पहिल्यांदाच पाहिला होता. याचं कुणाशी तरी काहीतरी संधान असणार, असं तिला वाटून गेलं. तरी घरी जाऊन तिने हनुवटी दहादा मागे ढकलली.

दोन आठवड्यांनी ती कामावर परतली. झ्लातोमिरा तिच्याशी कामापुरतं बोलायची. 'हा नकाशा झाला.' 'कापड उद्या येतंय.' ताई म्हणणं बंद झालं होतं, आता 'क्रस्तिनाबाई'. नेदाला यातलं काय कळलं होतं कोण जाणे, पण जिन्यात भेटली की ती एकदम घाईत असायची. नवा प्रोग्राम येणार येणार म्हणत अजून आला नव्हता. क्रस्तिना दर अर्ध्या तासाला आपली आपण उठायची, बोळाच्या टोकाला जाऊन छपाईच्या यंत्रापाशी पंधरा वेळा टाचा उचलायची आणि परत यायची. बोयाजिएव एकदा बघून म्हणाले, "वा, ताई!" तेव्हा तिने त्यांच्या नजरेकडे पाहिलं. या वेळी ते बुटांकडे बघत नव्हते.

ल्युबेनशी ती आठ दिवस नीट बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "गाबरोवोला पोहण्याचा तलाव आहे ना? शनिवारी ने मला." ल्युबेनने दुसऱ्याच दिवशी जाऊन तिच्यासाठी पोहण्याचा पोशाख आणला. दोन मापं मोठा होता.

तिसऱ्या शनिवारी ल्युबेन बाकावर चहा घेत बसला होता, आणि क्रस्तिना उथळ भागात कठडा धरून पाय मारत होती. शेजारच्या पट्ट्यात कुणीतरी लांब लांब हात टाकत पोहत आलं, भिंतीला शिवलं आणि डोळ्यांवरचा चष्मा वर केला. झ्लातोमिरा होती. क्रस्तिनाला पहिला विचार सुचला तो असा की ल्युबेनने पुन्हा काहीतरी जुळवलंय. तिने बाकाकडे पाहिलं. ल्युबेन तोंड उघडं टाकून झ्लातोमिराकडे बघत होता, चहा मांडीवर सांडत. नाही, याला काही माहीत नव्हतं.

"दर शनिवारी येतेस?" तिने विचारलं.

"तीन वर्षं." झ्लातोमिरा वळून जायला निघाली. मग थांबली. "खांदे कानांपाशी ओढताय तुम्ही. कठडा सोडा. मान पाण्यावर टाका, मागे. कान भिजू द्या."

"बुडेन मी."

"कमरेइतकं पाणी आहे इथे. मी धरते."

क्रस्तिनाने तिच्याकडे पाहिलं. हिने माझं का करावं, हा प्रश्न आलाच. तो काही इतक्यात जाणारा नव्हता. पण पाण्यात विचार करत बसायला वेळ नव्हता, झ्लातोमिराचा हात पुढे होता आणि तो फार वेळ पुढे राहील असं दिसत नव्हतं. क्रस्तिनाने कठडा सोडला. पाठीखाली तो हात आला, घट्ट, जरासा कोरडेपणाने लावलेला, आणि तिने मान मागे टाकली. कानांत पाणी गेलं आणि तलावातला सगळा आवाज एकदम दूर गेला.

"पोट वर," वरून कुठूनतरी झ्लातोमिराचा आवाज आला. "आणि श्वास घ्या, ताई. श्वास रोखू नका."